कुलूप जुन्या मालकाचं, लॅपटॉप नव्याचा

ग्रँट रोड स्टेशनवरून पूर्वेला बाहेर पडलं की थोड्याच वेळात डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लागतो. पाटीवर हे नाव असलं तरी टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून लॅमिंग्टन रोडच आहे. रेडिओच्या सुट्या भागांपासून असेम्बल्ड कॉम्प्युटरपर्यंत बरंच काही या रस्त्याने विकलं. आता इथल्या काचांवर ‘रिफर्बिश्ड लॅपटॉप’ ही अक्षरं ठळकपणे दिसतात. मुंबईत नव्याने शिकायला आलेली मुलं, छोट्या ऑफिसांचे हिशेबनीस, गावाकडच्या शाळांचे शिक्षक असे सगळे या रस्त्यावर येतात, कारण नव्याच्या निम्म्याहून कमी पैशांत चांगल्या बांधणीचं यंत्र मिळतं. वापरलेल्या वस्तूंचं दुसरं आयुष्य हा यंदाच्या अंकाचा विषय ठरला, तेव्हा या रस्त्याला टाळून पुढे जाणं शक्यच नव्हतं.

इथल्या एका पोटमाळ्यावर चिप लेव्हल दुरुस्तीचं दुकान आहे. टेबलावर हॉट एअर गन, मायक्रोस्कोप, फ्लक्सची बाटली आणि पोट उघडलेले दोन लॅपटॉप. समोर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा उभा. त्याच्या हातात डेलचा लॅटिट्यूड ७४९० आहे. स्क्रीन स्वच्छ, बॅटरी बरी, विंडोज नीट चालू. बिघाड असा काहीच नाही. फक्त कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी व्हर्च्युअल मशीन चालवायचं होतं. सॉफ्टवेअर म्हणालं, बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन सुरू करा. त्याने एफ२ दाबलं आणि पडद्यावर पासवर्डची चौकट आली.

“दादा, हा पासवर्ड मी टाकलेलाच नाहीये.”

“माहितीये. बिल आहे का?”

“आहे, पण कच्चं.”

“म्हणजे चिठ्ठी. नाव कुणाचं आहे त्यावर?”

चिठ्ठीवर नाव नव्हतं, लॅपटॉपचा नंबरही नव्हता. मॉडेल, रक्कम आणि खाली ‘टेस्टिंग वॉरंटी’ एवढंच. कारागिराने लॅपटॉप न उघडताच परत सरकवला. “आधी विकणाऱ्याकडे जा. त्याला सांग, लॉट कुठून उठवला ते काढ आणि पासवर्ड आण. ते झालं नाही तर मग माझ्याकडे ये, पण पक्कं बिल घेऊन ये.”

त्या मुलाचा चेहरा पडला. पण कारागिराचं म्हणणं बरोबर होतं. ते का बरोबर होतं, हे कळायला या कुलपाच्या आत डोकावावं लागतं.

विंडोजच्याही खाली

लॅपटॉप सुरू केला की विंडोजच्या आधी एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो हार्ड डिस्कवर नसतो, मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये असतो. हा फर्मवेअर. लोक त्याला अजूनही बायोस म्हणतात, जरी गेल्या दशकभरातल्या यंत्रांत तो यूईएफआय प्रकारचा असला तरी. मेमरी तपासणं, कीबोर्ड-स्क्रीन जागे करणं, कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते ठरवणं ही त्याची कामं. हार्ड डिस्क बदलली, विंडोज दहा वेळा नव्याने टाकलं, तरी या चिपमधलं काही पुसलं जात नाही. म्हणून फॉरमॅट मारून बघ हा सल्ला इथे कामाचा नाही.

या पातळीवरचे पासवर्ड तीन प्रकारचे असतात. एक, पॉवर ऑन पासवर्ड. तो टाकल्याशिवाय यंत्र पुढेच जात नाही. दुसरा, हार्ड डिस्कचा पासवर्ड. तो डिस्कमध्येच बसतो. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली तरी ती उघडत नाही. तिसरा, सुपरवायझर किंवा ॲडमिन पासवर्ड. जुन्या बाजारात सगळ्यात जास्त फसवणारा हाच, कारण तो रोजच्या वापरात कधीच समोर येत नाही. विंडोज उघडतं, सिनेमा चालतो, वर्ड चालतं. दुकानात चालवून बघणाऱ्याला शंका यायचं कारणच नसतं. पेन ड्राइव्हवरून लिनक्स टाकायचं ठरलं, सिक्युअर बूट बंद करायचं झालं, की तेव्हा तो दार अडवतो.

कधी काही न करताही अडवतो. अनेक थिंकपॅडमध्ये घड्याळ चालू ठेवणारी छोटी बटण बॅटरी संपली की सुरू होताना ०२७१ हा एरर येतो, तारीख-वेळ तपासा म्हणून. तारीख लावायला सेटअपमध्ये जावं लागतं आणि सेटअपला सुपरवायझर पासवर्ड लागतो. सहा महिने बिनबोभाट चाललेलं यंत्र एका सकाळी त्या चौकटीपाशी येऊन थांबतं. मालकाला वाटतं, व्हायरस आला.

बटण बॅटरीचा जुना उपाय

बॅटरी काढून ठेव, पासवर्ड जातो, हा सल्ला अजूनही प्रत्येक गल्लीत मिळतो. तो खोटा नव्हता. १९८४ साली आलेल्या आयबीएमच्या पीसी एटीमध्ये सेटिंग्ज एका छोट्या सीमॉस मेमरीत ठेवल्या जात आणि ती मेमरी बॅटरीवर तग धरून असे. पुढच्या काळातल्या पीसींमध्ये पासवर्डही याच मेमरीत असायचा. बॅटरी काढली की सेटिंग्जबरोबर पासवर्डही जायचा. आजही कित्येक डेस्कटॉप मदरबोर्डवर त्यासाठी जंपर असतो. शिवाय त्या काळच्या काही बायोसना बनवणाऱ्यांनीच ठेवलेले गुपित पासवर्ड होते. ते हळूहळू सगळ्यांना पाठ झाले आणि कुलपाचा अर्थ उरला नाही.

लॅपटॉप ही चोरीला सोपी वस्तू. म्हणून कंपन्यांनी तिथे पासवर्ड बॅटरीवर विसंबणाऱ्या मेमरीतून काढून कायमच्या मेमरीत नेला. दोन हजारच्या दशकातल्या थिंकपॅडमध्ये तो एका स्वतंत्र आठ पायांच्या ईईप्रॉम चिपमध्ये असायचा. वीज असो वा नसो, चिप विसरत नाही. नंतरच्या यंत्रांत तो मुख्य फ्लॅश चिपच्या राखीव भागात किंवा कीबोर्ड-पंखा सांभाळणाऱ्या एम्बेडेड कंट्रोलरमध्ये गेला. आज बिझनेस लॅपटॉपची बटण बॅटरी काढणाऱ्याची तारीख-वेळ जाते, पासवर्ड जागच्या जागी राहतो.

ऑफिसातून गल्लीपर्यंत

मग हे कुलूपबंद लॅपटॉप बाजारात येतात कुठून? चोरीचे काही असतातच. पण या धंद्यातल्या माणसांशी बोलताना पुन्हा पुन्हा कळतं, की मोठा वाटा ऑफिसांचा आहे.

लॅटिट्यूड, थिंकपॅड, एलिटबुक ही यंत्रं घरगुती गिऱ्हाइकाने क्वचितच नवी घेतलेली असतात. कंपन्या ती शेकड्याने विकत किंवा भाड्याने घेतात, तीन-चार वर्षं वापरतात आणि बदलतात. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत. त्यामुळे धडधाकट यंत्रांचेही ढीग ऑफिसांबाहेर पडले. व्यापारी असा लॉट उठवतात, गोदामात ए ग्रेड, बी ग्रेड अशी प्रतवारी होते, स्क्रीनवरचे डाग आणि झिजलेल्या कीज बदलल्या जातात आणि माल लॅमिंग्टन रोडला, पुण्याच्या तपकीर गल्लीला, दिल्लीच्या नेहरू प्लेसला पोहोचतो.

ऑफिसात आयटी विभागाने सुपरवायझर पासवर्ड टाकलेला असतो, आणि त्यात गैर काहीच नाही. कर्मचाऱ्याने पेन ड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम चालवून कंपनीचा डेटा बाहेर नेऊ नये, हा हेतू. चूक होते ती निरोप देताना. डिस्क पुसायची काळजी सगळे घेतात. त्यासाठी ठरलेल्या पद्धती आहेत, प्रमाणपत्रं आहेत, ऑडिटमध्ये ती विचारली जातात. फर्मवेअरचा पासवर्ड काढला का, हे मात्र बऱ्याच ठिकाणी कुणी विचारत नाही. सगळ्या यंत्रांना एकच पासवर्ड असतो आणि तो ज्याला ठाऊक होता तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. जमीन विकली, पैसे घेतले आणि सातबाऱ्यावर जुनंच नाव राहिलं, तसं हे होतं. एका लॅपटॉपचा पासवर्ड काढायला पाच मिनिटं पुरतात. ती वाचवल्याची किंमत दोन वर्षांनी एखादा विद्यार्थी भरतो, हे मुळीच पटण्यासारखं नाही.

क्लिप, चिप आणि बॅकअप

कागदपत्रं हातात असतील तर पोटमाळ्यावरचा कारागीर काम घेतो. त्या दिवशी टेबलावर अशीच एक केस होती. एका सीएच्या ऑफिसचा लॅपटॉप, नवा घेतल्याचं पक्कं बिल त्याच ऑफिसच्या नावावर आणि पासवर्ड टाकणारा कर्मचारी संपर्कात नाही.

मागचं झाकण उघडल्यावर कारागिराने आधी बॅटरीचा कनेक्टर काढला, मग बटण बॅटरीचा. वाटीत स्क्रू मांडताना प्रत्येकाची जागा कागदावर लिहिली. मायक्रोस्कोपखाली फर्मवेअरची आठ पायांची चिप दिसली. तिच्या एका कोपऱ्यावरचा बारीक ठिपका म्हणजे पहिला पाय. अंगावरचा नंबर वाचून त्याने आधी व्होल्टेज पाहिलं, कारण काही चिप ३.३ व्होल्टवर चालतात आणि काही १.८ वर. १.८ च्या चिपला ३.३ दिले तर ती जळू शकते. मग लाल वायरच्या बाजूने पहिला पाय धरत क्लिप चिपवर बसवली. क्लिपचं दुसरं टोक चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या प्रोग्रॅमर या छोट्या यंत्राला आणि ते यंत्र कॉम्प्युटरला.

पहिलं काम लिहिण्याचं नाही, वाचण्याचं. त्याने चिपमधला सगळा मजकूर एकदा वाचून जतन केला. क्लिप काढून पुन्हा बसवली, पुन्हा वाचला आणि दोन्ही फाइली ताडून बघितल्या. एका बाइटचाही फरक पडला असता तर क्लिप नीट बसलेली नाही असं समजून पुन्हा पहिल्यापासून. “हा बॅकअप म्हणजे परत यायची वाट,” तो म्हणाला. “हा नसताना जो हात लावतो, तो बोर्ड मारतो.”

याचं कारण त्या काही मेगाबाइटमध्ये काय काय राहतं त्यात आहे. यंत्राचा सिरियल नंबर, युनिक आयडी, विंडोजची कारखान्यात घातलेली लायसन्स की, बऱ्याच मॉडेलांत नेटवर्क पोर्टचा मॅक ॲड्रेस आणि इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनाचा त्या बोर्डाशी जुळलेला भाग. घाईतले दुकानदार इंटरनेटवरून त्याच मॉडेलची दुसऱ्या कुणाची तरी फाइल उतरवून ती सरळ चढवतात. पासवर्ड जातो, पण लॅपटॉप दुसऱ्याच यंत्राची ओळख घेऊन जगू लागतो. विंडोजची मूळ की हरवते, वॉरंटीच्या नोंदी जुळत नाहीत, कधी पंखा पूर्ण वेगाने घोंघावत राहतो, कधी यंत्र अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतं. गिऱ्हाईक परत येतं तोवर मूळ मजकूर कुणाकडेच उरलेला नसतो.

शिवाय सगळीच यंत्रं अशी उघडत नाहीत. नव्या पिढ्यांमध्ये पासवर्ड दुसऱ्या चिपमध्ये असतो, किंवा फर्मवेअरमध्ये कुणी ढवळाढवळ केली तर यंत्र सुरूच होणार नाही अशी तपासणी असते. ‘कोणताही लॉक दहा मिनिटांत’ अशी पाटी दिसली तर त्या दुकानात लॅपटॉप ठेवू नये.

कंपनीच्या दारात

कागद असणाऱ्यासाठी पहिला सरळ रस्ता लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीकडे जातो, आणि प्रत्येक कंपनीचा रस्ता वेगळा.

डेलच्या बिझनेस लॅपटॉपवर पासवर्डच्या चौकटीपाशी सर्व्हिस टॅग आणि त्याला जोडलेली चार अक्षरांची पुरवणी दिसते. मालकी पटली तर कंपनी त्यावरून सुटकेचा पासवर्ड तयार करून देते. अडचण अशी, की टॅग कंपनीच्या नोंदीत मूळ खरेदीदाराच्या नावावर असतो. त्यासाठी मालकी बदलाचा अर्ज आहे, तो भरायला मागच्या मालकाचे तपशील लागतात आणि तिथेच चिठ्ठीवर घेतलेल्यांची गाडी अडते. त्यात जुन्या मालकाने मास्टर पासवर्ड लॉकआउट हे सेटिंग चालू केलेलं असेल तर कंपनीचा पासवर्डही चालत नाही.

लेनोवोची भूमिका कडक आहे. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड विसरला तर सर्व्हिस सेंटर तो काढत नाही. खरेदीचा पुरावा घेऊन मदरबोर्ड बदलतं, पैसे आकारून. वीस हजारांच्या आसपास घेतलेल्या जुन्या टी४८० ला नवा बोर्ड घालणं कुणालाच परवडत नाही. एचपीच्या बऱ्याच घरगुती मॉडेलांवर तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर ‘सिस्टिम डिसेबल्ड’ आणि खाली एक आकडा दिसतो, त्यावरून सुटकेचा मार्ग निघू शकतो. बिझनेस मॉडेलांच्या बाबतीत मात्र एचपीची पुस्तिकाही बोर्ड बदलण्याकडेच बोट दाखवते.

इंटेलवाल्या मॅकबुकमध्ये फर्मवेअर पासवर्ड असेल तर दुसऱ्या डिस्कवरून किंवा रिकव्हरीतून सुरू करताना पडद्यावर कुलपाचं चित्र येतं. मूळ बिल दाखवलं तर ॲपल किंवा तिचं अधिकृत केंद्र ते काढून देतं. २०२० च्या शेवटी आलेल्या ॲपल सिलिकॉनच्या मॅकमध्ये हा पासवर्डच नाही. पण ॲक्टिव्हेशन लॉक असू शकतो, जो जुन्या मालकाच्या ॲपल खात्याशी बांधलेला असतो.

कंपन्या एवढ्या ताठर का, असा राग येतो. पण त्या सहज उघडून देऊ लागल्या तर लॅपटॉप चोरणाऱ्याचं कामही तेवढंच सोपं होईल. पुरावा मागण्यात त्यांचं चुकत नाही. पण खरेदीचा पुरावा आणूनही बोर्डच बदला असं सांगणं, चालतं यंत्र जुजबी कारणासाठी भंगारात ढकलणं, हे पटत नाही. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. सिद्ध झालेल्या मालकासाठी फर्मवेअर उघडण्याची सोय ही या दोन्ही प्रयत्नांमध्ये बसणारी मागणी आहे आणि ती ग्राहकांनी जोरात करायला हवी.

मालकीचा प्रश्न

कारागीर बिल मागतो तो केवळ सावधपणा नाही. वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ चं तत्त्व असं, की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून चांगला हक्क, काही अपवाद सोडले तर, घेणाऱ्याला मिळत नाही. म्हणजे चोरीचा लॅपटॉप पूर्ण पैसे मोजून घेतला तरी तो आपला होत नाही. चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, अप्रामाणिकपणे वस्तू घेणं हा तर गुन्हाच. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली येतो. ज्याच्याकडे रोज कुलूपबंद यंत्रं येतात त्या दुरुस्तीवाल्याने डोळे मिटून काम केलं तर पोलीस त्याच्याही दारात येऊ शकतात.

मोबाइल घेणाऱ्याची सोय बरी आहे. आयएमइआय नंबर टाकून फोन ब्लॉक केलेला आहे का हे सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघता येतं. लॅपटॉपला आयएमइआयसारखी सार्वजनिक ओळख नाही, म्हणून त्याच्या बाबतीत कागदाचं मोल जास्त.

आता फर्मवेअरच्या जोडीला आणखी कुलपंही आली आहेत. कंपनीने लॅपटॉपची ओळख मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट सेवेत नोंदवलेली असेल, तर विंडोज नव्याने टाकून इंटरनेट जोडल्याबरोबर त्या कंपनीचं नाव झळकतं आणि ऑफिसचा ईमेल मागितला जातो. अनेक बिझनेस लॅपटॉपच्या बायोसमध्ये अब्सोल्युट या कंपनीची माग काढणारी सेवा असते. पूर्वी या सेवेचं नाव कॉम्प्युट्रेस. ती चालू असेल तर डिस्क बदलूनही परत जागी होते. शाळांनी आणि कंपन्यांनी नोंदवलेली क्रोमबुक पुसून टाकली तरी त्यांच्याच ताब्यात परत जातात. या कुलपांची किल्ली चिपमध्ये नाही, दूरच्या सर्व्हरवर आहे. कोणतीही क्लिप तिथे पोहोचत नाही. ती ज्याने लावली त्यानेच काढायची.

पैसे देण्याआधी

लॅटिट्यूड घेऊन आलेला मुलगा विकणाऱ्याकडे परत गेला. सुदैवाने दुकानदार सरळ होता. लॉट ज्या व्यापाऱ्याकडून आला त्याला त्याने फोन लावला आणि व्यापाऱ्याने त्या ऑफिसच्या आयटीवाल्याला. पासवर्ड संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आला. पूर्ण लॉटचा तोच होता. दुकानदाराने उरलेले सगळे लॅपटॉपही त्याच दिवशी उघडून घेतले. दर वेळी असं होत नाही, पण विचारल्याशिवाय तर कधीच होत नाही.

या दिवाळीत जुना लॅपटॉप घेणार असाल तर दुकानातच, पैसे देण्याआधी, तो बंद करून सुरू करा आणि सेटअपमध्ये शिरा. डेलला एफ२, थिंकपॅडला एफ१, एचपीला एफ१०. पासवर्ड मागितला तर तो काढून मिळेपर्यंत खिशात हात घालू नका. सेटअप उघडलाच तर सिक्युरिटीच्या पानावर सुपरवायझर पासवर्ड आणि अब्सोल्युट किंवा कॉम्प्युट्रेस यांची स्थिती वाचा. विंडोज रीसेट करून, मोबाइलचं इंटरनेट जोडून, कुठल्या कंपनीचं नाव येतं का बघा. मॅक असेल तर जुन्या मालकाला तुमच्यासमोर खात्यातून बाहेर पडायला सांगा. सिरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या. दुकानदाराने कुलूपबंद यंत्र गळ्यात मारलं आणि दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आणि जे विकणार आहेत, विशेषतः ऑफिसं, बँका, कॉलेजं, त्यांना विनंती आहे. डिस्क पुसल्याच्या प्रमाणपत्राखाली आणखी एक ओळ घाला: ‘फर्मवेअर पासवर्ड काढला, ऑटोपायलट नोंद रद्द केली.’ त्या ओळीसमोर सही झाल्याशिवाय लॉट गेटबाहेर सोडू नका.